लिंक हवीच

शाल्मलीने पाठवलेली दुरुस्ती विश्रामने पुन्हा परत केली. नवरा-बायको जेवणाच्या टेबलावर समोरासमोर लॅपटॉप उघडून बसले होते.

“आता काय राहिलं?” तिने विचारलं.

“लिंक. बदल कुठल्या चर्चेत ठरला, त्याची लिंक खाली हवीच. हा मराठी कीबोर्ड जगभरचे लोक मिळून फुकट बनवतात. नियम सगळ्यांना सारखा.”

नियम त्यानेच केला होता.

“अरे, चर्चा सकाळी पोहे खाताना झाली. तुझ्याशीच.”

“मग सगळे वाचतात त्या प्रकल्पाच्या पानावर लिहून काढ. जशी झाली तशी. आणि लिंक दे.”

ती टाइप करू लागली. दुरुस्ती परत आली, तेव्हा लिंक जागच्या जागी होती. विश्रामने खुशीत ती उघडली.

“शाल्मली: ‘ज्ञ’ दाबला की कीबोर्ड बंद पडतोय.

विश्राम: माहितीये. चूक माझीच आहे, पण मी ती प्रकल्पातल्या ढोबळेंवर ढकललीये. कुणाला बोलू नकोस. पोहे मस्त झालेत.”

नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. चर्चेखाली पहिला अंगठाही आला होता. ढोबळेंचा.