लग्न खरं असल्याचा पुरावा

बेळगोळच्या कारखान्यातली नोकरी मार्चमध्येच गेल्याचं सुयशने बायकोला कळू दिलं नव्हतं. लंडनला असलेल्या अवनीला तो रोज सकाळी न चुकता मेसेज करायचा, ‘हिनकलच्या स्टॉपवर कंपनीची बस मिळाली.’ संध्याकाळी ती विचारायची, ‘फार काम होतं का रे आज?’ तो लिहायचा, ‘मान वर करायला फुरसत नव्हती.’

सप्टेंबरात तिच्याकडे जायच्या व्हिसाचा फॉर्म भरायला तो एजंट वेदवती मॅडमकडे गेला. व्यवसायाच्या रकान्यात त्याने मुकाट्याने ‘बेरोजगार’ लिहिलं.

“परवागिल्ला, काही हरकत नाही, नोकरी नसली तरी चालतं,” मॅडम म्हणाल्या. “फक्त लग्न खरं आहे, एवढं दाखवायचं. दोघांच्या सहा महिन्यांच्या चॅटचे प्रिंट आणून द्या.”

सुयशला रोजच्या बसचे मेसेज आठवले. “चॅट कशाला मॅडम? लग्नाचा अल्बम देतो की.”

“अल्बम खोट्या लग्नाचाही असतो.”

मग मॅडमनी अवनीने परस्पर पाठवलेलं हमीपत्र उघडलं, वाचलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. शेवटी लिहिलं होतं, ‘माझे पती अकरा मार्चपासून बेरोजगार आहेत. त्यांचा सर्व खर्च मी करीन. ही गोष्ट त्यांनी मला अजून सांगितलेली नाही, तरी मुलाखतीत कृपया हा विषय काढू नये.’

सुयशने ते दोनदा वाचलं.

“परवागिल्ला,” मॅडम म्हणाल्या, “आता चॅट नकोत.”