तिसऱ्या पानावरची चौकट

"तरी मला वाटलंच, टाकीच्या पाण्यात काहीतरी आहे," दुकानाच्या दारातून न्हावी म्हणाला. "आज तुमच्या पेपरात दिलगिरी वाचली आणि खात्रीच पटली. आजपासून पाणी उकळून पितोय, ताई."

मुद्रितशोधक बाई नुसत्या हसल्या आणि कचेरीकडे चालू लागल्या. ती दिलगिरी त्यांनीच तपासली होती.

बातमी निराधार होती असा तयार मजकूर माहिती खात्याने पाठवायचा आणि पेपराने तो तिसऱ्या पानावर चौकटीत निमूटपणे छापायचा, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. नुसत्या बातमीवर कुणाचा विश्वास नसे. दिलगिरी आली, की मात्र ती बातमी खरी हे नक्की. लोक पेपर तिसऱ्या पानापासूनच उघडत.

टाकीची बातमी याच पेपरात वार्ताहर असलेल्या बाईंच्या धाकट्या भावाने दिली होती. नऊ दिवसांपूर्वी त्याला चौकशीला नेले. दिलगिरी छापा, सोडून देतो, असा निरोप आला. संपादक आठवडाभर अडून बसले आणि शेवटी बाईंच्या तोंडाकडे बघून नमले. बाई पहिले दोन दिवस रडल्या. आता रडूही येत नव्हते, भूकही लागत नव्हती. आज तो सुटेल म्हणून त्यांनी त्याचा शर्ट तेवढा धुऊन ठेवला होता.

दुपारी खात्याचा शिपाई आला. "नवी दिलगिरी. तारीख आणि पान तुमचं तुम्ही भरा, नेहमीसारखं."

"माझ्या भावाचं काही कळलं का हो?"

"मी नुसती पाकिटं पोचवतो, बाई."

तो गेल्यावर संपादकांनी पाकीट फोडले. कागद त्यांनी दोनदा वाचला.

"कालच्या अंकात तुझ्या भावाबद्दल आपण काही दिलं होतं का गं?"

"नाही, साहेब."

"परवा?"

"एक ओळही नाही. सगळी पानं माझ्याच नजरेखालून जातात."

"कोपऱ्यात कुठे? दोन ओळी?"

"नाही म्हटलं ना. का हो?"

त्यांनी कागद पुढे सरकवला. बाईंनी सवयीने लाल पेन उघडले आणि आधी शुद्धलेखन तपासले. एकही चूक नव्हती.

'आमच्या वार्ताहराचा कोठडीत मृत्यू झाल्याचे, दिनांक ...... च्या अंकात पान ...... वर आम्ही प्रसिद्ध केलेले वृत्त निराधार आहे. आम्ही दिलगीर आहोत.'