पुसू का?

तिने पडद्यावर बोटाने इंग्रजी झेड काढला आणि वारलेल्या नवऱ्याचा फोन उघडला. हा पॅटर्न फक्त तिला ठाऊक, म्हणूनच फोन विकायला निघालेल्या दिराने तिला मोबाइलच्या दुकानात सोबत आणलं होतं.

दुकानदाराने सिमकार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि बोट बटणावर नेलं. "फोटो, आवाज, सगळं जाईल, ताई. परत मिळणार नाही. पुसू का?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. दहाव्याला नणंदांनी तिचे हात धरले होते आणि चुलतसासूने ओल्या पदराने तिचं कुंकू पुसलं होतं. तेव्हा तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली.

दुकानदाराने लगेच बोट मागे घेतलं.

"तिला काय विचारताय?" गल्ल्यापाशी उभा दीर म्हणाला. "पुसा."