टपाच्या मधोमध

धम्मानंदनं गाडीवर अँटेना बसवायचे दोन प्रकार काउंटरवर ठेवले. एक चुंबकानं चिकटणारा, दुसरा टपाला भोक पाडून कायमचा बसणारा. सुहासिनीकाकूंनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"काकू, चुंबकवाला घ्या न. केबल दाराच्या रबरातून आत घेतो, झालं काम."

"आणि रोज दार लावताना केबल चेपू? टपाच्या मधोमध भोक पाड. केबल आतल्या कापडामागून खाली उतरव."

बासष्टाव्या वर्षी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांची, परीक्षा पास झालेल्या बाईला आपण काय शिकवणार? त्यानं ड्रिल उचललं खरं, पण चकचकीत पत्रा पाहून त्याचा हात चालेना.

"काकू, आताच सांगून राहिलो. भोक पडलं तं ही गाडी कोनी विकत घेनार नाही."

"नक्की?"

"कोनीच नाही."

"मग पाड."

तासाभरात अँटेना ताठ उभी राहिली. काकू ओढणीनं टपावरचा पत्र्याचा कीस पुसत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. पुण्याहून मुलगा बोलत होता.

"आई, या वयात गाडी चालवायची नाही, हे ठरलंय आपलं. सावनेरचं गिऱ्हाईक निघालंय. चावी देऊन टाक त्यांना."

"येऊ दे की," काकू म्हणाल्या. "फक्त त्यांना सांग, आधी टप पाहा."