पाठमोरा पुतळा

मारुंजीच्या हॉलमध्ये फॅशन कॉलेजचं प्रदर्शन होतं. कपडा उसवून त्याची आतली रचना दाखवायची होती. जुईलीने आत्याचा लग्नातला ब्लाउज उसवला, तोही तिला न विचारता. डाव्या खांद्यात शिंप्याने लपवलेली कापसाची गादी काढून तिने सगळ्यांना दिसेल अशी वरच टाचली.

लोकांना तेच आवडलं. पण तो ब्लाउज घातलेला तिचा बिनमुंडक्याचा पुतळा सारखा भिंतीकडे वळायचा. ती त्याला सरळ करायची, चहा घेऊन यायची, तर तो पुन्हा पाठमोरा.

"कोण फिरवतंय रे?"

कुणीच हात लावला नव्हता. तिने स्टँडला विटा लावल्या. विटा सरकवून तो वळला.

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा असताना माले गावाहून आत्या आली. गादी दिसताच तिने पदर अंगाभोवती गुंडाळून घेतला. तरी तिचा डावा खांदा उतरता असल्याचं जुईलीला आज पहिल्यांदा दिसलं.

"ह्यांनाबी कदी कळू दिलं न्हाई गं मी," आत्या पुटपुटली.

मागे फरशीवर स्टँड घासल्याचा आवाज झाला. मग चारी बाजूंनी झाला.

जुईलीने वळून पाहिलं. हॉलमधला एकूण एक पुतळा भिंतीकडे वळला होता.

आत्याचा खांदा बघत उभी होती ती एकटी जुईली.