चोवीस तास पाणी लावू नये

गुंजनने बोटाला थुंकी लावून इस्तरीला टेकवलं. चर्र झालं. वाफेचं बटण बंद आहे ना, हे तिने दोनदा पाहिलं आणि लाकडी पाटावर पहिला पांढरा टी-शर्ट पसरला.

मनिष, तिचा धाकटा भाऊ, दुपारपर्यंत भंडाऱ्याहून घरी येणार होता. सरकारी दवाखान्यातून, गुंडाळून. काल संध्याकाळी रेतीच्या टिप्परने त्याची मोटारसायकल उडवली होती. सकाळी त्याच्या कबड्डीच्या टीमची पोरं दारात येऊन उभी राहिली, हातात पवनीहून आणलेले अकरा कोरे टी-शर्ट.

"ताई, त्याचा फोटो छापून दे याच्यावर," देवानंद म्हणाला. "त्याले असंच साधं नाई नेत आम्ही."

वाढदिवसाचे, हळदीचे टी-शर्ट गुंजन एरवी घरच्या प्रिंटरवर छापायचीच. तिने मान हलवली आणि प्रिंटर सुरू केला. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. हाताला काम लागलं, हे मात्र बरं झालं.

फोटो करडी गावातल्या सामन्यातला होता. कापडावर सरळ उमटावा म्हणून कागदावर तो उलटा छापावा लागतो. उलटा मनिष कोणी दुसराच वाटत होता. भांग भलत्या बाजूला, भुवईवरची खोक भलत्या डोळ्यावर. त्यामुळे तिची कात्री त्याच्या कानाजवळून न थरथरता वळली. कागद टी-शर्टवर पालथा ठेवायचा, इस्तरी दाबून वीस मोजायचे, कागद गार होऊ द्यायचा, मग सोलायचा. सोलायचं काम तिने देवानंदला दिलं. कागद निघाला की खाली मनिष सरळ व्हायचा, आणि ते तिला पाहायचं नव्हतं.

गावात मरण आलं की शेजारून भात येतो आणि सल्ला त्याच्याही आधी येतो. कौशल्याबाई डोक्यावरचा पदर सावरत आत आल्या.

"माणूस गेला त्या घरी इस्तो पेटवत नाई व पोरी."

"इस्तरी आहे, काकू. चूल नाई."

आई भिंतीला टेकून बसली होती. रात्रीपासून ती एक शब्द बोलली नव्हती. कोणी पाणी दिलं की प्यायची, पेला खाली ठेवायची.

पहिला टी-शर्ट देवानंदने अंगात घातला, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं वाक्य गुंजनच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "चोवीस तास पानी लावू नको."

मग देवानंद हळूच म्हणाला, "ताई, नदीवर तर आंगावरच्या कपड्यानंच बुडी मारा लागते."

"बुडीच्या आधी काढून ठेवा ना."

दारात बसलेले परसरामकाका म्हणाले, "घाटावर गेलेलं काहीच कोरडं घरी येत नाई, बाई. भिजलंच पायजे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रीत होती ती सांगितली.

गुंजनला घाटावर जाता येणार नव्हतं. बाया घरीच राहतात. भाऊ आता परत येत नाही, एवढं तिला कळत होतं. पण अकरा जणांच्या छातीवर बसून त्याने जावं आणि तसंच घरी यावं, एवढंच तिला सकाळपासून हवं होतं. तिने पुढचा टी-शर्ट ओढला आणि वीसच्या जागी चाळीस मोजले. कापड कडेने पिवळं पडू लागलं, तरी पाटाशी गुडघे टेकून तिने सगळा भार इस्तरीवर टाकला. अकराव्याला तर तिने मोजलंच नाही.

मनिषला आणलं, पाणी घातलं, उचललं. अंगणात तासभर फार आवाज झाला. त्यातला कुठलाच तिच्यापर्यंत पोचला नाही. पोरं तिरडीला खांदा द्यायला वळली तेव्हा तिला नुसत्या कोऱ्या पाठी दिसल्या.

ऊन कलल्यावर पोरं घाटावरून परत आली. केसांतून, कोपरांवरून पाणी गळत होतं. सगळ्यांनी दोन्ही हात छातीवर आवळून धरले होते, थंडी वाजावी तसे.

"आम्ही लय जपलं, ताई," देवानंद म्हणाला आणि त्याने हात काढले.

रंग सुटून पोटापर्यंत ओघळला होता. केस कपाळात उतरले होते, डोळे गालांत. गुंजन एकेकापाशी जाऊन बघत राहिली. वीस मोजलेलाही तसाच, चाळीस मोजलेलेही तसेच. कुठे हनुवटी उरली होती, कुठे एक कान.

तेवढ्यात आई उठली. रात्रीपासून पहिल्यांदाच. तिने दोरीवरचा टॉवेल ओढला आणि अंगणात आली. आपलं डोकं पुसणार असं वाटून देवानंदने मान खाली घातली. आईने त्याच्या डोक्याला हात लावला नाही. ती त्याच्या छातीवरचं तोंड पुसू लागली. आधी कपाळ, मग गाल, मग कानामागे, पाण्यातून आलेल्या लेकराचं पुसतात तसं. टॉवेलवर रंग यायला लागला.

कौशल्याबाई तिला धरायला पुढे झाल्या. गुंजनने त्यांना हाताने अडवलं.

"घासू नको, आई," ती म्हणाली. "नुसतं टिपून घे."