लाल दिवा

दादा बुडाला तेव्हा फोन त्याच्या खिशातच होता. लेकीसाठी त्याने रेकॉर्ड केलेल्या सगळ्या गोष्टी त्यातच. माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला जुना पॉवर सप्लाय एकदम सगळा करंट सोडायचा, म्हणून बाजार पालथा घालून करंट हळूहळू वाढवता येणारा नवा आणला.

"फोनचा बोर्ड कामातून गेला असेल तर हा लाल दिवा लागतो," विक्रेता मला म्हणाला होता, "मग उगाच झटत बसू नका."

फोनला चिमटे जोडले आणि बटण अगदी सावकाश फिरवलं. आई माझ्या मागे श्वास रोखून उभी होती.



ती एकदम जिन्याकडे धावली. "सूनबाई, छकुलीला घेऊन खाली ये गं! दिवा लागला!"